एका कंपनीचे सर्टिफिकेट दुसरीकडे चालते का?

मागच्या रविवारी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या घरी एक गृहस्थ आपल्या पुतण्याला घेऊन आले होते. मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळतो. त्याच्याकडे सीसीएनए, म्हणजे नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे सर्टिफिकेट, आहे आणि त्याची तीन वर्षांची मुदत आणखी अकरा आठवड्यांनी संपते आहे. कारखान्याचे हिशेब, मेल आणि ऑर्डरी आता क्लाउडवर गेल्यामुळे मालकांनी त्याला त्या बाजूचे सर्टिफिकेट करायला सांगितले आहे. काकांनी फाइलमधून लॅमिनेट केलेले सर्टिफिकेट काढून माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "मॅडम, हे देऊन त्याच्या बदल्यात दुसऱ्या कंपनीचं मिळतं का? एक क्लासवाले म्हणतात, कन्व्हर्ट करून देतो. फी पण सांगितलीय त्यांनी."

त्यांना मी लगेच सांगितले की कन्व्हर्ट करून देण्याचा अधिकार कोणत्याही क्लासला नसतो आणि त्या कामासाठी एक रुपयाही देऊ नका. पण त्यांचा प्रश्न मला अजिबात भाबडा वाटला नाही. आपल्याकडे शिक्षणाची सारी रचनाच अशी आहे की एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणी चालते. सोलापूर विद्यापीठातून पदवी घेऊन पुण्याला पुढे शिकायला जाणारा विद्यार्थी मायग्रेशन सर्टिफिकेट काढतो, दुसऱ्या राज्यातून आलेल्याला समकक्षता प्रमाणपत्र मिळते, आणि डिप्लोमा झालेल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. या सगळ्याच्या मागे विद्यापीठे आणि शासन उभे असते. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन किंवा रेड हॅट यांच्यावर मात्र अशी कोणतीही सामाईक संस्था नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मालाचे सर्टिफिकेट देते, त्याची मुदत स्वतः ठरवते आणि दुसऱ्या कंपनीच्या सर्टिफिकेटला किती किंमत द्यायची हेही स्वतःच ठरवते. बहुतेक वेळा ती किंमत शून्य असते. जेव्हा ती शून्य नसते तेव्हाचे दरवाजे थोडे असतात, अरुंद असतात आणि तारखेने बांधलेले असतात. गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत यातले काही दरवाजे मी स्वतः ओलांडले, एक माझ्या हातून निसटला, आणि काही माझ्या विद्यार्थ्यांसाठी वेळेत सापडले. त्याविषयी सविस्तर लिहावे असे त्या रविवारपासून मनात होते.

१९९८ मध्ये मी इथल्या एका नागरी सहकारी बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक, विभागात रुजू झाले. एएलपीएम ही खतावणीची यंत्रे जाऊन संपूर्ण शाखा संगणकीकरण येण्याचा तो काळ होता आणि मुख्य कचेरीतला सर्व्हर नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्क प्रणालीवर चालत असे. आमचे साहेब सीएनई होते, म्हणजे नॉव्हेलचे सर्टिफिकेट मिळवलेले इंजिनिअर. त्या काळी या सर्टिफिकेटला फार मान होता आणि साहेबांनी ते पुण्याला जाऊन, पदरचे पैसे घालून मिळवले होते. पुढच्या वर्षी बँकेने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी ४.० या प्रणालीवर जायचे ठरवले, तेव्हा आम्हा दोघांनाही मायक्रोसॉफ्टचे एमसीएसई हे सर्टिफिकेट करणे भाग पडले. एनटी ४.० च्या एमसीएसईला सहा परीक्षा होत्या, चार मुख्य आणि दोन ऐच्छिक. मला सहाही द्याव्या लागल्या आणि साहेबांना पाच, कारण सीएनई असणाऱ्यांना 'नेटवर्किंग एसेन्शियल्स' या परीक्षेतून मायक्रोसॉफ्ट सूट देत असे.

ही सूट नेमकी कशाला होती हे मला तेव्हा कळले नव्हते. साहेबांचे खरे प्रावीण्य नेटवेअरच्या डिरेक्टरी सर्व्हिसमध्ये होते. वापरकर्ते, प्रिंटर, अधिकार यांचे अख्खे झाड ते डोळे मिटून सांगत असत, आणि पुढे मायक्रोसॉफ्टने त्याच धर्तीची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणली तेव्हा ती त्यांना आमच्या कितीतरी आधी समजली. पण त्या प्रावीण्याला सवलतीत एका गुणाचीही जागा नव्हती. सूट मिळाली ती केबल, नेटवर्कचे सात थर मांडणारे ओएसआय मॉडेल आणि प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) यांना, म्हणजे जे नॉव्हेलचेही नव्हते आणि मायक्रोसॉफ्टचेही नव्हते त्या भागाला. एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीने मान्य करायचे झाले तर ते बहुधा दोघींच्या सामाईक पायापुरतेच असते, हे तेव्हापासून मी प्रत्येक योजनेत तपासून पाहत आले आहे आणि फारसा अपवाद सापडलेला नाही.

त्यानंतर विंडोज २००० आले आणि मायक्रोसॉफ्टने जुन्या एमसीएसईंसाठी ७०-२४० क्रमांकाची एक परीक्षा काढली. एनटी ४.० च्या ठरावीक तीन परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ती मोफत होती. विंडोज २००० च्या चार मुख्य परीक्षांचा मजकूर तिच्यात एकत्र केला होता, ती चार तासांची होती आणि ती आयुष्यात एकदाच देता येत असे. उत्तीर्ण झालात तर चार परीक्षा एका दिवसात पदरात पडत, नापास झालात तर त्या चारही स्वतंत्रपणे, प्रत्येकीची फी भरून द्याव्या लागत. त्याच सुमारास कंपनीने असेही जाहीर केले होते की २००१ च्या अखेरपर्यंत जे अपग्रेड करणार नाहीत त्यांचा एनटी ४.० चा एमसीएसई हा किताब राहणार नाही.

त्या घोषणेने मी घाबरले. वार्षिक हिशेबाचे काम नुकतेच उरकले होते, घरी मुलगा दीड वर्षाचा होता आणि विंडोज २००० चा एकही सर्व्हर आमच्या बँकेत अजून बसलेला नव्हता. तरी मुदत जाईल या भीतीने मी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले, स्वारगेटला उतरून रिक्षाने परीक्षा केंद्र गाठले आणि चार तास त्या संगणकापुढे बसले. पहिले दोन भाग बरे गेले. नेटवर्क सेवांच्या भागात मात्र डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी सेवा) आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी एकमेकांना कसे बांधलेले आहेत हे मी केवळ पुस्तकात वाचलेले होते, हाताने कधी केलेले नव्हते, आणि प्रश्न तर सारे हाताने केलेल्यालाच सुटतील असे होते. मी नापास झाले. परतीच्या एसटीत टेंभुर्णीपर्यंत मी कोणाशी बोलले नाही. त्यानंतर ऑक्टोबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने किताब काढून घेण्याचा निर्णय मागे घेतला. एनटी ४.० चे एमसीएसई तसेच राहील, फक्त ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे सोबत लिहिले जाईल, असे ठरले. म्हणजे ज्या भीतीपोटी मी अर्धवट तयारीने गेले ती भीतीच उरली नाही, आणि एकदाच मिळणारी मोफत संधी मात्र खर्च झाली होती.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना दोन तारखा वेगळ्या धरायला सांगते. एक तारीख परीक्षा बंद होण्याची असते आणि दुसरी हातात असलेले सर्टिफिकेट रद्द होण्याची. आधी मिळालेले काढून घेण्याचा निर्णय कंपन्यांना लाखो लोकांच्या नाराजीला तोंड देऊन घ्यावा लागतो, आणि त्यामुळे तो पुष्कळदा मागे घेतला जातो. कोणत्याही एका कंपनीच्या मालाशी न बांधलेल्या परीक्षा घेणाऱ्या काँप्टिया या संस्थेने जानेवारी २०१० मध्ये जाहीर केले होते की ए प्लस, नेटवर्क प्लस आणि सिक्युरिटी प्लस ही आजवर आजन्म असलेली सर्टिफिकेटे जुन्या धारकांनाही दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावी लागतील. काही आठवड्यांतच त्यांना तो निर्णय फिरवावा लागला. १ जानेवारी २०११ च्या आधी मिळवलेली सर्टिफिकेटे आजन्म राहिली आणि त्यानंतरच्यांना तीन वर्षांची मुदत लागली. परीक्षा बंद होण्याची तारीख मात्र सहसा हलत नाही, आणि हलली तरी काही महिन्यांनीच हलते. एमसीएसए (एमसीएसईच्या खालची पायरी) आणि एमसीएसईच्या शेवटच्या परीक्षा ३० जून २०२० ला बंद होणार होत्या, महामारीमुळे त्या ३१ जानेवारी २०२१ पर्यंत चालू ठेवल्या, आणि मग त्या बंदच झाल्या. म्हणून अपग्रेडची परीक्षा चालू असेपर्यंत, पण तयारी झाल्यावरच, ती द्यावी असे माझे मत आहे. केवळ किताब जाईल या धास्तीने धावू नये.

एकाच कंपनीच्या आत वरच्या आवृत्तीला जाण्यासाठी या अपग्रेड परीक्षांचा फार मोठा आधार असे. विंडोज सर्व्हर २००३ चे एमसीएसई नव्याने करायचे तर सात परीक्षा लागत, पण २००० चे एमसीएसई असणाऱ्याला ७०-२९२ आणि ७०-२९६ या दोनच परीक्षांत ते मिळत असे. ते मी वेळेत केले. पुढे २००८ साठी ७०-६४९ आली आणि २०१२ साठी ७०-४१७. आपल्या डिप्लोमावाल्यांच्या थेट दुसऱ्या वर्षासारखाच हा प्रकार होता, आणि जो मधली एक आवृत्ती चुकवे त्याला पुष्कळदा पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागे.

दोन वेगळ्या संस्थांमधले सर्वांत मोकळे दार मी पाहिले ते लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या बाबतीत. काँप्टियाची लिनक्स प्लस परीक्षा काही वर्षे लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एलपीआयच्या, परीक्षेवरच आधारलेली होती. एलएक्स०-१०३ आणि एलएक्स०-१०४ या दोन परीक्षा दिल्या की लिनक्स प्लस मिळे, आणि आपला निकाल एलपीआयला पाठवायला संमती दिली की एलपीआयसी-१ हे दुसरे सर्टिफिकेटही वेगळी फी न भरता मिळे. अट एवढीच होती की परीक्षा काँप्टियाच्या नावाने द्यायची आणि संमतीची खूण विसरायची नाही. माझ्या संध्याकाळच्या बॅचमधल्या एका मुलाने ती खूण केलीच नव्हती. त्याला दुसऱ्या सर्टिफिकेटचा पत्ता आठ महिन्यांनी लागला, आणि मग खाते उघडण्यापासून सारे करावे लागले. यातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. परीक्षा तीच, प्रश्न तेच, पण त्या काळचे लिनक्स प्लस आजन्म होते आणि एलपीआयसी-१ पाच वर्षांचे. सर्टिफिकेटची मुदत ज्ञानावर नव्हे तर ते देणाऱ्याच्या नियमावर अवलंबून असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे आठवत नाही. २०१९ मध्ये काँप्टियाने स्वतःची नवी परीक्षा आणली आणि ते दार बंद झाले.

तिसरा प्रकार कंपनी विकली जाण्याचा. सन मायक्रोसिस्टिम्स ओरॅकलने घेतली, तो व्यवहार जानेवारी २०१० मध्ये पूर्ण झाला, आणि सोलापुरातल्या कितीतरी मुलांनी मोठ्या कष्टाने मिळवलेल्या एससीजेपीचे, म्हणजे सनच्या जावा सर्टिफिकेटचे, काय होणार या चिंतेने मला फोन येऊ लागले. त्यांचे काहीही बुडाले नाही. सर्टिफिकेट नव्या मालकाकडे गेले, नाव बदलून ते ओरॅकलचे झाले, आणि पुढे जावा ७ व जावा ८ साठी जुन्या धारकांना अपग्रेड परीक्षाही मिळाल्या. अशा वेळी धारकाला करायचे एकच काम असते. जुन्या कंपनीचे संकेतस्थळ बंद होण्याआधी आपला निकाल, आपला क्रमांक आणि आपला ईमेल पत्ता नव्या कंपनीच्या खात्याशी जोडून घ्यायचा.

आजच्या घडीला एका कंपनीचे दुसरीकडे मोजले जाण्याची वाट मुख्यतः नूतनीकरणातून जाते, आणि याविषयी आपल्याकडे फार थोड्यांना माहिती असते. काँप्टियाच्या सर्टिफिकेटांना तीन वर्षांत ठरावीक गुण जमवावे लागतात, ए प्लसला २०, नेटवर्क प्लसला ३० आणि सिक्युरिटी प्लसला ५०. काँप्टियाचेच वरचे सर्टिफिकेट घेतले की खालचे आपोआप पुढे सरकते, पण दुसऱ्या संस्थेचे, विषयाशी जुळणारे सर्टिफिकेट मिळवले तरी त्याचे गुण मिळतात. म्हणजे नेटवर्क प्लस असलेल्या मुलाने सीसीएनए केले तर त्याचे श्रम दोन ठिकाणी उपयोगी पडतात. पूर्वी हीच वाट उलट दिशेनेही होती. विंडोज २००० आणि २००३ च्या एमसीएसएमध्ये ऐच्छिक परीक्षेऐवजी ए प्लस आणि नेटवर्क प्लस ही जोडी चालत असे, आणि माझ्या पहिल्या बॅचच्या तीन मुलींनी ती वापरून एका परीक्षेची फी वाचवली होती. नेटवर्किंगमध्येही असे झाले आहे. एचपीने २०१० मध्ये थ्रीकॉम घेतल्यावर सिस्कोची माणसे आपल्याकडे ओढण्यासाठी त्यांच्या सर्टिफिकेटधारकांना जवळचा मार्ग देऊ केला होता. बाजारात मागून येणारी कंपनी असे मार्ग उघडते आणि पुढे असलेली कंपनी ते सहसा उघडत नाही, हे इतक्या वर्षांत मला वारंवार दिसले आहे.

मग हा कारभार इतका आखडता का, पैशासाठीच ना, असे पालक विचारतात. पैसा हे कारण आहेच. पण तेवढेच कारण असते तर मी कंपन्यांच्या बाजूने एक शब्दही लिहिला नसता. एक प्रसंग सांगते. बँकेच्या मुख्य केंद्रात आम्ही सिस्कोचा जुना राउटर (माहितीचा रस्ता ठरवणारे यंत्र) काढून ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीचा बसवला. शाखांकडे जाणारे दोन रस्ते होते. मुख्य लिंकवरचे मार्ग बीजीपी या प्रोटोकॉलने कळत आणि पर्यायी, कमी वेगाच्या लिंकवरचे ओएसपीएफ या दुसऱ्या प्रोटोकॉलने. आमचा इंजिनिअर सिस्कोचा पक्का माणूस होता. त्याने जुन्या राउटरवर होते तेच सारे नव्यावर नीट लिहून काढले. एकही चूक दिसत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शाखांमधून फोन सुरू झाले की सगळे संथ चालले आहे. मुख्य लिंक जवळजवळ रिकामी होती आणि पर्यायी लिंक भरून वाहत होती.

कारण दोन आकड्यांत होते. एकाच ठिकाणी जाणारा मार्ग दोन प्रोटोकॉलनी सांगितला तर ज्या प्रोटोकॉलचा पसंतीचा आकडा लहान त्याचा मार्ग राउटर निवडतो. सिस्कोमध्ये बाहेरून येणाऱ्या बीजीपीचा आकडा २० आणि ओएसपीएफचा ११०, म्हणून तिथे बीजीपी जिंकत होता. ज्युनिपरमध्ये ओएसपीएफच्या अंतर्गत मार्गांचा आकडा १० आणि बीजीपीचा १७०, म्हणून तिथे ओएसपीएफ जिंकला. दोन्ही कंपन्या आपापल्या जागी बरोबर आहेत, दोघींच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेले आहे, आणि चूक आमची होती, कारण एका राउटरचे ज्ञान दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडेल असे आम्ही गृहीत धरले. ज्युनिपरमध्ये लिहिलेला बदल 'कमिट' म्हणेपर्यंत लागू होत नाही, आणि 'कमिट कन्फर्म्ड' म्हटले तर पुन्हा दुजोरा न दिल्यास दहा मिनिटांत जुनी रचना परत येते, ही सोयही त्या इंजिनिअरला त्या दिवशी पहिल्यांदा कळली, आणि तिचा उपयोग करूनच आम्ही भर कामाच्या वेळेत आकडे बदलले.

क्लाउडमध्येही हेच आहे. होटगी रोडला राहणारी माझी एक विद्यार्थिनी अ‍ॅमेझॉनचे सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट झाल्यावर अझुर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या एझेड-१०४ या परीक्षेची तयारी करत होती. फळ्यावर तिने दोन झोनसाठी (एकाच विभागातल्या वेगळ्या डेटा सेंटरांसाठी) दोन सबनेट, म्हणजे नेटवर्कचे दोन भाग, काढले, कारण अ‍ॅमेझॉनमध्ये एक सबनेट एकाच झोनमध्ये राहतो. अझुरमध्ये तोच सबनेट त्या विभागातल्या सगळ्या झोनमध्ये पसरलेला असतो, तेव्हा तिचा दुसरा सबनेट झोनसाठी अनावश्यक होता. मग तिने कोणती वाहतूक आत येऊ द्यायची याचे नियम लिहिले. अ‍ॅमेझॉनच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त परवानगी देता येते, नकार लिहिताच येत नाही, आणि नियमांच्या क्रमाला अर्थ नसतो. अझुरच्या नेटवर्क सिक्युरिटी ग्रुपमध्ये परवानगी आणि नकार दोन्ही असतात आणि प्रत्येक नियमाला १०० ते ४०९६ मधला क्रमांक द्यावा लागतो, लहान क्रमांक आधी पाहिला जातो. तिने नकार २०० वर ठेवला होता आणि त्याच पोर्टची परवानगी ३०० वर. परवानगीपर्यंत गाडी पोचणारच नव्हती. दहा मिनिटे ती फळ्याकडे पाहत उभी राहिली आणि मग स्वतःच क्रमांक उलटे केले. सबनेटचे गणित मात्र तिला एकदाही विचारावे लागले नाही. दोन्हीकडे प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते राखीव असतात हे तिने स्वतः ताडून पाहिले. तिला पहिल्या सर्टिफिकेटला पाच महिने लागले होते आणि दुसऱ्याला सात आठवडे. सर्टिफिकेट बदलून मिळाले नाही, परंतु पाच महिन्यांचे सात आठवडे झाले ते पहिल्या सर्टिफिकेटमुळेच.

आता कागदपत्रांविषयी, कारण परीक्षेपेक्षा जास्त माणसे इथे अडतात. परदेशी संकेतस्थळावर पहिले नाव आणि शेवटचे नाव अशा दोन चौकटी असतात. आपण मराठी माणसे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो, आणि मधले नाव कधी पहिल्या चौकटीत जाते, कधी दुसऱ्या, कधी गळते. त्यातून एकाच माणसाची दोन खाती तयार होतात आणि अर्ध्या परीक्षा एका क्रमांकावर, अर्ध्या दुसऱ्यावर राहतात. माझ्या एनटीच्या परीक्षा माहेरच्या नावावर होत्या. पुढे आधार आणि पॅन दोन्ही सासरच्या नावाने झाले, आणि मायक्रोसॉफ्टने परीक्षा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडून काढून सर्वस्वी पिअर्सन व्ह्यू या दुसऱ्या कंपनीकडे नेल्या तेव्हा मी नव्या नावाने नवे खाते उघडले. त्या खात्यात माझ्या नावावर काहीच नव्हते. महानगरपालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि दोन्ही नावांची जुनी ओळखपत्रे पाठवून दोन क्रमांक एक करून घ्यायला मला चार महिने लागले. माझ्या विद्यार्थिनींना म्हणून मी आग्रहाने सांगते की पहिल्या परीक्षेचा अर्ज भरताना पासपोर्ट किंवा आधारवर जसे नाव आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे, आणि लग्नानंतर नाव बदलणार असाल तर ते बदलताच प्रत्येक कंपनीच्या खात्यात बदलून घ्यावे, पुढच्या परीक्षेची वाट पाहू नये.

ईमेलचेही तसेच आहे. कित्येक क्लास सोयीसाठी मुलांची नोंदणी आपल्याच ईमेलवर करतात, आणि नोकरीतली माणसे ऑफिसचा पत्ता देतात. क्लास बंद झाला किंवा नोकरी सुटली की नूतनीकरणाची सूचना कोणाच्या तरी भलत्याच पेटीत जाऊन पडते. मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट आणि एक्स्पर्ट सर्टिफिकेटांना आता एकच वर्षाची मुदत असते. मुदतीच्या आधीच्या सहा महिन्यांत घरबसल्या, पुस्तक उघडून, मोफत चाचणी देऊन ती वाढवता येते. पण एक दिवस जरी उलटला तरी मूळ परीक्षा पुन्हा फी भरून द्यावी लागते. केवळ सूचना न मिळाल्यामुळे एझेड-१०४ गमावलेली तीन मुले मला माहीत आहेत, आणि तिघेही अभ्यासात चांगले होते.

खर्चाच्या दृष्टीने मी सोलापूरच्या मुलांना एकाच वेळी दोन कंपन्यांच्या मागे लागू देत नाही. घरी यंत्रमाग किंवा शिवणकाम असलेल्या कुटुंबाला एका परीक्षेची फी ही लहान रक्कम नसते. आधी जे हातात आहे ते जिवंत ठेवायचे, मग ज्या ठिकाणी काम करतो तिथे जे वापरात आहे तेच घ्यायचे, आणि कंपनी देत असलेली सवलत तपासल्याशिवाय फी भरायची नाही. अ‍ॅमेझॉन एक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढच्या परीक्षेवर निम्मी सूट देते. तिची सर्टिफिकेटे तीन वर्षे चालतात आणि प्रोफेशनल पातळी गाठली की त्याखालचे असोसिएट आपोआप नवे होते. गूगलची प्रोफेशनल सर्टिफिकेटे दोनच वर्षांची असतात. अशा गोष्टी वहीत एका पानावर लिहून ठेवल्या तर दोन वर्षांचा खर्च आधी कळतो.

रविवारी आलेल्या मुलाबरोबर आम्ही त्याचे सिस्कोचे खाते उघडायला बसलो, तर त्यावर त्या क्लासचाच ईमेल होता. पहिला अर्धा तास तो बदलण्यात गेला, आणि त्यातही पासवर्डचा निरोप क्लासमधल्या कोणाला तरी फोन करून मागावा लागला. सीसीएनए पुढे न्यायला तीन वाटा आहेत. तीच परीक्षा पुन्हा द्यायची, वरच्या पातळीची एखादी परीक्षा उत्तीर्ण व्हायचे, किंवा सिस्कोने मान्य केलेल्या अभ्यासक्रमांतून तीस क्रेडिट जमवायचे. कारखान्यात दोन पाळ्या करणाऱ्या या मुलाला तिसरी वाट झेपेल असे मला वाटते, कारण ती तो रात्री घरी बसून थोडी थोडी करू शकेल. कारखान्याचे मेल आणि सर्व्हर मायक्रोसॉफ्टकडे असल्यामुळे त्यानंतर एझेड-१०४, आणि त्याची फी मालकांनी भरावी असे पत्र मी त्याच्याबरोबर दिले आहे. काकांनी लॅमिनेट केलेले सर्टिफिकेट परत फाइलमध्ये ठेवताना विचारले, "म्हणजे हे जपूनच ठेवायचं?" मी म्हटले, "जपाच, काका. पण त्याच्यावरचा क्रमांक आणि तारीख आधी वहीत उतरवून घ्या." मुलाने तिथेच बसून दोन्ही उतरवले, आणि खाली त्याच्या नव्या ईमेलचा पत्ता लिहिला.